मधली फाइल

सेकंड इयर कॉम्प्युटरच्या मायक्रोप्रोसेसर लॅबची सगळी जर्नल्स उद्या रद्दीत गेली, तर महाराष्ट्रातल्या एकाही विद्यार्थ्याचं ज्ञान कणभर कमी होणार नाही. पण त्या लॅबमधला असेम्ब्लर काढून टाकला तर होईल. आणि सध्या सूर ऐकू येतो तो नेमका उलटा: जर्नल राहू द्या, असेम्ब्लर काढा. "एआय कोड लिहितंय, आता असेम्ब्ली कोण लिहिणार?" हे वाक्य मी गेल्या वर्षभरात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ऐकलं, कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ऐकलं, आणि आमच्या मुठा गावात, मुलाला कुठल्या ब्रँचला घालायचं या चर्चेतही ऐकलं. मला या वाक्याशी भांडायचंय. पण त्याआधी जर्नलशी भांडायला हवं, कारण या वाक्याला एवढी ताकद जर्नलनेच दिलीय.

ज्यांनी ही लॅब केलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१५ आणि २०१९ च्या पॅटर्नमध्ये कॉम्प्युटरच्या सेकंड इयरला मायक्रोप्रोसेसर हा विषय आहे. थिअरीला इंटेलचा ८०३८६, म्हणजे १९८५ साली बाजारात आलेला प्रोसेसर. प्रॅक्टिकलला लिनक्स मशीन आणि नॅझम नावाचा असेम्ब्लर. असाइनमेंट्स पिढ्यान्‌पिढ्या पाठ झालेल्या: अ‍ॅरेमधले पॉझिटिव्ह-निगेटिव्ह आकडे मोजा, हेक्सचं बीसीडी करा, ब्लॉक ट्रान्सफर करा, फॅक्टोरियल काढा.

पद्धतही ठरलेली. प्रोग्राम टाइप करायचा (बहुतेकदा सीनियरच्या पेनड्राइव्हमधून कॉपी करायचा) आणि तीन कमांड द्यायच्या. पहिली: 'नॅझम', मग डॅश एफ, मग 'ईएलएफ६४', मग फाइलचं नाव. दुसरी: 'एलडी', डॅश ओ, हवं ते नाव, आणि पहिल्या कमांडने तयार झालेली डॉट ओ फाइल. तिसरी: डॉट, स्लॅश आणि प्रोग्रामचं नाव. (इथे सगळं देवनागरीत लिहिलंय, टाइप करताना अर्थातच रोमन.) स्क्रीनवर उत्तर आलं की प्रिंटआउट, चिकटवाचिकटवी, सरांची सही. झालं प्रॅक्टिकल.

पहिल्या आणि दुसऱ्या कमांडच्या मध्ये एक फाइल जन्माला येते. तिला ऑब्जेक्ट फाइल म्हणतात. असेम्ब्लरचं सगळं काम त्या एका फाइलमध्ये असतं. चार वर्षांच्या डिग्रीत मशीनच्या सर्वांत जवळ आपण पोहोचतो ते त्या क्षणी. आणि त्या फाइलकडे कोणी बघत नाही. व्हायव्हात फक्त एवढंच:

"ऑब्जेक्ट फाइल म्हणजे काय?"

"सर, मशीन लँग्वेजमधली फाइल."

"गुड. नेक्स्ट."

हे उत्तर अर्धवट आहे, आणि त्याला 'गुड' म्हणणं हा माझा पहिला आक्षेप आहे.

ती फाइल उघडून बघू. 'ऑब्जडंप' नावाचं टूल लिनक्सवर असतं. त्याला डॅश डी देऊन डॉट ओ फाइल दिली की आतले बाइट आणि त्यांचा असेम्ब्लीत उलटा अर्थ शेजारी शेजारी दिसतो. समजा प्रोग्राममध्ये शेवटी ओळ आहे: 'मूव्ह आरएएक्स, ६०'. लिनक्सला 'मला आता बंद कर' असं सांगताना हा ६० आकडा लागतो. ऑब्जेक्ट फाइलमध्ये तिच्या जागी पाच बाइट दिसतात: बी८, ३सी, आणि तीन शून्यं. ३सी म्हणजे दशमानात ६०, इथवर ठीक. पण उलट्या अर्थात आरएएक्स दिसत नाही, ईएएक्स दिसतं! आपण ६४ बिटांचं रजिस्टर लिहिलं, असेम्ब्लरने ३२ बिटांचं केलं. ही चूक नाही. या प्रोसेसरवर ईएएक्समध्ये काही लिहिलं की आरएएक्सचा वरचा अर्धा भाग आपोआप शून्य होतो. परिणाम तोच, जागा कमी. म्हणून नॅझमने तुम्हाला न विचारता छोटा मार्ग घेतला. ग्नूचा असेम्ब्लर हीच सूचना नेहमीच्या सेटिंगमध्ये सात बाइटमध्ये लिहितो.

'असेम्ब्लीची एक ओळ म्हणजे मशीनची एक ठरलेली सूचना' हे आपण नोट्समध्ये लाल पेनाने अधोरेखित केलेलं असतं. पाच बाइट बघितले की कळतं, दोघांच्या मध्ये निर्णय घेणारा एक कारकून बसलाय.

आता दुसरी ओळ: 'मूव्ह आरएसआय, एमएसजी'. म्हणजे मेसेज मेमरीत जिथे ठेवलाय तिथला पत्ता रजिस्टरमध्ये टाक. ऑब्जेक्ट फाइलमध्ये दिसतं: ४८, बीई, आणि पुढे आठ बाइट शून्य. पत्ता नाहीच! असेम्ब्लरला तो माहीतच नाही, कारण प्रोग्रामचे तुकडे मेमरीत कुठे बसणार हे पुढे लिंकर ठरवणार. म्हणून असेम्ब्लर जागा कोरी सोडतो आणि त्याच फाइलमध्ये वेगळी नोंद करतो: अमुक ठिकाणी आठ बाइट रिकामे आहेत, तिथे डेटा भागाचा पत्ता भरावा. या नोंदीला रिलोकेशन म्हणतात. 'रीडएल्फ' या टूलला डॅश आर दिलं की ती वाचता येते. दुसरी कमांड दिल्यावर तयार प्रोग्राम पुन्हा उघडा, त्या शून्यांच्या जागी खरा पत्ता भरलेला असतो.

म्हणजे ऑब्जेक्ट फाइल ही नुसती मशीन लँग्वेज नाही. ती अर्धवट भरलेला फॉर्म आहे, आणि कुठल्या रकान्यात अजून काय भरायचंय याची यादी त्यालाच जोडलेली आहे. हे समजायला किती वेळ लागतो? एक लॅब सेशन. दोन तास. त्यासाठी नवीन सॉफ्टवेअर लागत नाही, लायसन्स लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. तरी ते होत नाही, कारण ते दोन तास कव्हरला ब्राउन पेपर लावण्यात जातात.

पुढची गंमत थर्ड इयरला. तिथे सिस्टिम्स प्रोग्रामिंगची असाइनमेंट असते: एका काल्पनिक मशीनसाठी टू-पास असेम्ब्लर लिहा. काल्पनिक मशीनचं ते रूप आपल्याकडे रुळलं आयआयटी मुंबईच्या धनंजय ढमढेरे यांच्या पाठ्यपुस्तकातून. 'मूव्हर एरेग', 'मूव्हेम', 'एलटॉर्ग' ही नावं पुण्यातल्या कुठल्याही कॉम्प्युटर इंजिनिअरला झोपेतून उठवून विचारा. पास वनमध्ये सिम्बॉल टेबल बनवायचं, लिटरल टेबल बनवायचं, इंटरमीडिएट कोड काढायचा. मूव्हर आलं की आयएस, ०४. पास टूमध्ये त्यातून मशीन कोड. पुस्तक उत्तम आहे. कल्पनाही उत्तम आहे: जो असेम्ब्लर वापरतोस तो स्वतः बांधून बघ.

पण ज्या मुलीने थर्ड इयरला जावामध्ये सिम्बॉल टेबल छापलं, तिनेच आदल्या वर्षी नॅझमकडून खरं सिम्बॉल टेबल बनवून घेतलं होतं. ते तिच्या डॉट ओ फाइलमध्ये पडून होतं. 'एनएम' ही दोन अक्षरी कमांड दिली असती तर डोळ्यांसमोर आलं असतं. कोणी सांगितलं नाही. सेकंड इयरची लॅब एका सरांकडे, थर्ड इयरची दुसऱ्या मॅडमकडे, मध्ये एक उन्हाळ्याची सुट्टी. एकीकडे खरा असेम्ब्लर, पण आत बघायचं नाही. दुसरीकडे आत बघायचं, पण असेम्ब्लर खोटा. दोन्हींना जोडणारा पूल होता तो मधल्या फाइलचा, आणि तोच कोणी बांधला नाही.

"असेम्ब्ली शिकून काय मिळालं?" या प्रश्नाला म्हणूनच आपल्याकडे प्रामाणिक उत्तर येतं, "काही नाही." ते उत्तर असेम्ब्लीबद्दल नसतं, जर्नलबद्दल असतं. पण शिक्षा असेम्ब्लीला होते.

आता त्या वाक्याकडे वळू. एआय लिहील, आपण कशाला?

पहिली गोष्ट, आपण असेम्ब्ली लिहून पोट भरणार, असा दावा मी करत नाहीये. मी नोकरीत रोज असेम्ब्ली लिहीत नाही. पण आपल्याकडे वाटतं तितकी ती मेलेलीही नाही. व्हीएलसीमध्ये एव्ही१ प्रकारचा व्हिडिओ उलगडणारा 'डेव्हिड' हा डीकोडर घ्या. त्याचे सगळ्यात जास्त राबणारे भाग माणसांनी हाताने असेम्ब्लीत लिहिलेत, आणि इंटेल-एएमडी मशीनसाठीचे भाग नॅझमनेच असेम्बल होतात. आपल्या लॅबमधला तोच नॅझम.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एआयने लिहिलेलं तपासणार कोण? एक साधं उदाहरण देतो. ३२-बिट लिनक्सवर स्क्रीनवर लिहिण्याच्या सिस्टिम कॉलचा नंबर ४ होता. ६४-बिटवर तो १ आहे, आणि तिथे ४ म्हणजे 'स्टॅट', फाइलची माहिती विचारणारा वेगळाच कॉल. नेटवर दोन्ही प्रकारची उदाहरणं हजारोंनी पडलीत, त्यामुळे एआयच्या उत्तरात ४ हा जुना आकडा आणि 'सिसकॉल' ही नवी सूचना यांची खिचडी मी बघितलीय. असेम्ब्लर ती मुकाट्याने घेतो. व्याकरण बरोबर आहे, त्याला काय! ऑब्जेक्ट फाइल बनते, लिंक होते, प्रोग्राम चालतो, आणि स्क्रीनवर काहीच येत नाही. एररही नाही. जर्नलवाला विद्यार्थी इथे एआयलाच पुन्हा विचारणार, आणि ते माफी मागून दुसरी खिचडी देणार. ज्याने एकदा बाइट वाचलेत, तो बी८ च्या पुढचा ०४ बघून एका मिनिटात बोट ठेवेल.

याहून मोठं उदाहरण २०२४ चं. लिनक्सवर 'एक्सझेड' नावाची फाइल दाबून लहान करणारी लायब्ररी सगळीकडे असते. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा ठेवला होता. दोनेक वर्षं त्या प्रकल्पात मदत करून विश्वास कमावलेल्या एका खात्याने. तो दरवाजा सी भाषेतल्या सोर्समध्ये दिसत नव्हता. चाचणीसाठी ठेवलेल्या, वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या फाइल्समध्ये एक आयती ऑब्जेक्ट फाइल लपवलेली होती. लायब्ररी बांधली जात असताना एक स्क्रिप्ट ती बाहेर काढायची आणि बाकीच्या डॉट ओ फाइल्सबरोबर गुपचूप लिंक करून टाकायची. मधली फाइल! जिच्याकडे कोणी बघत नाही तीच. लपवणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं.

अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या इंजिनिअरला त्याच्या मशीनवर एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. तो खणत गेला, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने सगळं जाहीर केलं. त्याने ते सोडून दिलं असतं, तर जगभरातल्या असंख्य सर्व्हर्सना मागचं दार लागलं असतं. सोर्स कोड वाचून हे सापडलं नसतं. त्यात ते नव्हतंच. तयार झालेल्या फाइलच्या आत उतरण्याची सवय असलेला माणूस लागला. ही सवय एआयच्या काळात स्वस्त होईल की महाग, तुम्हीच सांगा. जितका कोड माणसाने न लिहिलेला, तितकी तो वाचू शकणाऱ्या माणसाची गरज जास्त.

एक आक्षेप मात्र मी मनापासून ऐकून घेतो, कारण तो आमच्याच गावातून येतो. मुठा खोरं पुण्यापासून लांब नाही; पिरंगुटवरून लवासाच्या रस्त्याला लागलं की आलंच, वर टेमघरचं धरण. पण इथल्या भातखाचरांतून इंजिनिअरिंगला जाणारं पोर घरातलं पहिलंच असतं. बाप म्हणतो, "त्याला आधी नोकरी लागू दे. चार पैसे मिळवून देणारं शिकवा. हे बिट अन् बाइट नंतर बघू." त्या बापाशी मी वाद घालत नाही. फीचा हप्ता त्याने भरलाय.

पण हाच युक्तिवाद जेव्हा कॉलेजचे, कंपन्यांचे आणि ट्रेनिंग क्लासचे लोक करतात तेव्हा मला राग येतो. 'गावाकडच्या मुलांना कशाला एवढं खोल? त्यांना एखादं फ्रेमवर्क शिकवा, लागतील कुठेतरी.' म्हणजे मशीनच्या आत कोणी बघायचं आणि वरवर बटणं कोणी दाबायची, हे मुलाचा पत्ता बघून आधीच ठरलेलं. त्याला गोंडस नाव, स्किल डेव्हलपमेंट. फ्रेमवर्क तर तीन वर्षांत जुनं होतं. मग त्याच मुलाला सांगायचं, अपस्किल हो, नवा कोर्स घे, आणखी पैसे भर. खाली काय चाललंय हे ज्याला कळतं त्याला दर तीन वर्षांनी शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' ही एरर आली की निम्मी टीम नेटवर उत्तर शोधत बसते. 'एनएम' चालवून सिम्बॉलसमोर 'यू' दिसला, म्हणजे हे नाव वापरलंय पण इथे ते नाही, कुठल्यातरी दुसऱ्या फाइलमधून यायचंय, एवढं वाचता येणारा माणूस चहा गार व्हायच्या आत मोकळा होतो. हेही स्किलच आहे. फक्त ते विकणारा क्लास नाही.

आणि खोल म्हणजे महाग, हा गैरसमज आहे. गावातली एक मुलगी गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे जर्नल घेऊन आली. लॅपटॉप नाही, दुपारपासून लाइट नाही, फोनची बॅटरी निम्मी. तिच्या अँड्रॉइडवर टर्मक्स होतं, म्हणजे फोनमध्येच लिनक्ससारखं टर्मिनल. असेम्ब्लर आधीच डाउनलोड केलेला, त्यामुळे रेंज असली-नसली सारखंच. जर्नलमधला प्रोग्राम फोनच्या असेम्ब्लरने सपशेल नाकारला. "दादा, कॉलेजमध्ये तर चालतो हा. इथे का नाही?"

हा प्रश्न व्हायव्हाच्या शंभर प्रश्नांना भारी आहे. कारण फोनचा प्रोसेसर इंटेलचा नाही, एआरएमचा आहे. त्याची भाषाच वेगळी. मग आम्ही फक्त तीन ओळी लिहिल्या: एक्स८ मध्ये ९३, एक्स० मध्ये शून्य, आणि 'एसव्हीसी'. प्रोग्राम बंद करण्याचा नंबर इथे ६० नाही, ९३ आहे. ऑब्जेक्ट फाइल बनवली, चालवलीसुद्धा नाही, नुसती उघडली. तीन ओळी, बारा बाइट. ६४-बिट एआरएमवर प्रत्येक सूचना बरोबर चार बाइटची. इंटेलसारखी कधी एक, कधी पाच, कधी दहा नाही. तिने स्वतः मोजलं आणि म्हणाली, "म्हणजे पुढची सूचना कुठे सुरू होते हे याला आधीच कळतं." कम्प्युटर आर्किटेक्चरमधला एक मोठा वाद तिने फोनवर बारा बाइटांत गाठला. हा लेख ज्या यंत्रावर तुम्ही वाचताय, बहुधा त्याच प्रकारच्या यंत्रावर.

तिच्या जर्नलमध्ये यातलं काही बसत नव्हतं. प्रोसेसर वेगळा, फॉरमॅट वेगळा. सही मिळाली नसती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. असेम्ब्लर ठेवा, जर्नल बंद करा. प्रोग्राम कॉपी केलेला असला तरी चालेल, पण प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या डॉट ओ फाइलमधल्या कुठल्याही वीस बाइटांचा हिशोब तोंडी द्यावा. कुठले वीस ते परीक्षकाने जागेवर सांगावं. याची कॉपी करता येत नाही. उत्तर मराठीत दिलं तर मार्क कापू नयेत, बाइटला भाषा नसते. थर्ड इयरच्या टू-पास असेम्ब्लरचं सिम्बॉल टेबल नॅझमच्या खऱ्या टेबलाशेजारी ठेवून फरक विचारावा. आणि ८०३८६ इतिहास म्हणून जरूर शिकवावा, पण खिशातला एआरएमही लॅबमध्ये येऊ द्यावा. यातल्या कशालाही एक रुपया लागत नाही. लागते ती शिक्षकांची तयारी, आणि तीही फार नाही.

असेम्ब्लर हे मुळात कष्ट वाचवण्यासाठीच आलं. १९४९ साली केंब्रिजच्या एडसॅकवर डेव्हिड व्हीलरने सूचनांना एकेका अक्षराची नावं दिली आणि आकड्यांत रूपांतर करायचं काम मशीनलाच लावलं. त्या काळचं तेच 'आता मशीन लिहील'. पण व्हीलरला खालचे आकडे माहीत होते. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक बांधणाऱ्यांनाही माहीत होते. १९६० साली चालू झालेल्या त्या मशीनची मेमरी होती ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे आजच्या हिशोबात जेमतेम १० केबी. वरचा थर नवा आला की खालचा थर विसरायचा, असं त्यांच्यापैकी कोणी शिकवलं नाही. ती सवय आपण लावून घेतली आणि तिला प्रगती म्हणू लागलो.

ज्यांची या सेमिस्टरला ही लॅब आहे, त्यांनी विद्यापीठाची वाट बघू नये. पहिली कमांड दिल्यावर दुसरी लगेच देऊ नका. मध्ये 'ऑब्जडंप' चालवा आणि शून्यं शोधा. सर विचारतील, "काय करतोयस? हे असाइनमेंटमध्ये नाहीये."

सांगा, असाइनमेंट हीच आहे.